लेकरू वाचायलंय का?

१८ जून
यंदा दुसरीचा वर्ग माझ्याकडे आला. पटावरच्या निम्म्याहून जास्त मुलांचे आईवडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणार आणि पाडव्याच्या आगेमागे परतणार. आमच्या बीड जिल्ह्यात अशा गावांतल्या शाळेच्या वर्षाचे दोन भाग पडतात. पहिल्यात पालक गावात असतात पण शेतात गुंतलेले; दुसऱ्यात ते सांगली-कोल्हापूरकडे, नाहीतर कर्नाटकात, कारखान्याजवळच्या कोपीत.

शिक्षण हक्क कायद्याचं २४वं कलम आज पुन्हा वाचलं. वेळेवर हजर राहणं, अभ्यासक्रम पूर्ण करणं या शिक्षकाच्या कर्तव्यांच्या रांगेतच आणखी एक कर्तव्य आहे: पालकांच्या नियमित बैठका घेऊन मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि शिकण्यातली प्रगती त्यांना सांगणं. पालक गावात हवा किंवा त्याला वाचता यायला हवं, अशी अट त्यात कुठेही नाही.

६ जुलै
पालकसभा झाली. आज्या जास्त, आया थोड्या, बाप दोघेतिघे. गणवेश, आधार, बँक खातं, पोषण आहार हे विषय नेहमी आधी येतात आणि तेवढ्यात लोकांची उठायची वेळ होते. आज मी क्रम बदलला. आधी मुलांच्या वह्या, मग कागदपत्रं.

एक वडील उभे राहूनच बोलले, "ऐकत नसंल तर हाणा मॅडम, आमचं काही म्हणणं न्हाई." शाळेकडून त्यांच्यापर्यंत आजवर तक्रार तरी पोचली किंवा कागद तरी, त्यामुळे ते तयारीनं आले होते. मी त्यांना नि मुलाला ओट्यावर नेलं आणि पुस्तकातल्या चार ओळी वाचायला लावल्या. पोरानं बोट ठेवून वाचल्या. वडील खाली बसले, पुस्तकात डोकावले. म्हणाले, "काना-मात्रा समदं येतंय का ह्याला? वेलांटी कुठली धाकटी, कुठली थोरली, ते कळतंय का?"

मारण्याची परवानगी देणारा माणूस पाच मिनिटांत शिकण्याबद्दल विचारू लागला. त्याच्या कानावर लेकराचं वाचन पडलं, एवढंच मधे घडलं.

वाचन सगळ्यांसमोर मात्र घ्यायचं नाही. ज्याला अजून येत नाही त्याची मान चारचौघांत खाली जाते, आणि त्याची आई पुढच्या सभेला येत नाही.

२९ जुलै
वर्णनात्मक नोंदी लिहायला बसले. विशेष प्रगती, आवड-छंद, सुधारणा आवश्यक, असे रकाने. तयार नोंदींच्या याद्या सगळीकडे फिरतात: 'वाचन स्पष्ट व शुद्ध करतो', 'स्वतःचे अनुभव सांगतो'. त्या कोणत्याही मुलापुढे लिहिता येतात, आणि म्हणूनच त्या कोणत्याच मुलाबद्दल काही सांगत नाहीत. हे मला मनापासून खटकतं. आईला लेकराबद्दल जे सांगायचं ते त्याच लेकराचं असायला हवं.

मी लिहिलं: 'साधे शब्द न अडखळता वाचते. 'रस्ता' वाचला. 'मैत्रीण'पाशी थांबली, मात्रा आणि जोडाक्षर एकदम आलं की गोंधळते.' शेजारच्या कुणीही हे आईला वाचून दाखवलं तरी तिला कळेल, आणि पुढच्या महिन्यात तो शब्द सुटला की नाही हेही ती विचारू शकेल.

१७ ऑगस्ट
खुरपणी जोरात आहे, म्हणून संध्याकाळी घरोघर गेले. एक आई चुलीपुढून उठेना. "मी अंगठेबहाद्दर, मला दावून काय कळणार?" वहीतली जूनमधली आणि परवाची, अशी दोन पानं तिच्यापुढं धरली. तिनं हात पुसून वही घेतली. जूनमधली अक्षरं ओळ सोडून वर-खाली गेलेली, परवाची रेघेला लागलेली. तिनं बोटानं दोन्ही दाखवली. मग मी मुलीला वाचायला सांगितलं आणि आईला विचारलं, कुठं अडली? तिनं दोन्ही जागा बरोबर सांगितल्या.

अडखळणं कानाला कळतं, त्याला अक्षरओळख लागत नाही. तिला एकच काम दिलं. रोज भाकरी होईपर्यंत लेकीनं शेजारी बसून मोठ्यानं वाचायचं, आणि काय वाचलं ते आईला सांगायचं. शिकवायचं काम माझं.

४ सप्टेंबर
एका आजोबांनी नातवाला पाठीत धपाटा घातला होता. पंचेचाळीस सांगितले तर पोरानं ५४ लिहिले. आजोबांना वाटलं, मुद्दाम करतो. मराठीत आपण आधी पाच उच्चारतो, मग चाळीस. लिहिताना मात्र चार आधी येतो. ऐकलं तसं लिहिणारा मुलगा उलटंच लिहिणार. २०१९मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक, वीस दोन' अशी वाचनाची रीत आली तेव्हा राज्यभर वाद पेटला. मुलाची अडचण काय आहे हे त्याआधी घराघरात कुणी नीट समजावलं असतं, तर तो वाद बराच शांतपणे झाला असता, असं माझं मत आहे.

आजोबांच्या अंगणातल्याच तुराट्या मोडून दहा-दहाच्या जुड्या बांधल्या. चार जुड्या आणि पाच सुट्या. नातवानं जुड्या डावीकडे ठेवल्या, सुट्या उजवीकडे, आणि खाली ४५ लिहिले. आजोबांनी मग स्वतःच विचारलं, "त्रेसष्ट मांड बरं." निघेपर्यंत दोघांचं चालूच होतं.

२३ ऑक्टोबर
पहिलं संकलित मूल्यमापन झालं. दुसरीला आकारिक ७० आणि संकलित ३०, म्हणजे वर्षभर वर्गात जे दिसतं त्याचं वजन परीक्षेच्या दुपटीहून जास्त. पालक मात्र विचारतात, "पास हाय ना?" ब-२ म्हणजे ६१ ते ७० गुण, हे सांगता येतं, पण लेकराला वजाबाकी जमते आणि हातच्याची जमत नाही, हे ब-२ सांगत नाही. ते तोंडानंच सांगावं लागतं.

काही मुलं आईबापांबरोबर जाणार आहेत. त्यांची शिक्षण हमी कार्डं भरली, तिकडच्या शाळेनं त्यांना योग्य वर्गात बसवून घ्यावं म्हणून. प्रत्येक कार्डाला चिठ्ठी जोडली: कुठपर्यंत येतं, पुढं काय घ्यायचं. ती चिठ्ठी आई आणि बाप दोघांना वाचून दाखवली. तिकडच्या गुरुजींसमोर उभं राहून सांगायचं त्यांनाच आहे.

२७ नोव्हेंबर
गाव रिकामं झालं. हंगामी वसतिगृह सुरू झालंय, आजी-आजोबांकडे राहिलेली मुलं तिथं जेवतात. कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक आणि निम्म्या स्त्रिया असतात. आमच्या समितीतल्या बऱ्याच जणी आज फडात मोळ्या बांधतायत.

पालकांच्या फोनवर मुलांच्या वाचनाचे आवाज पाठवायला सुरुवात केली. अर्ध्या मिनिटाचं वाचन, त्यामागे माझी दोन वाक्यं: मागच्या वेळेपेक्षा काय नवीन आलं, अजून काय राहिलं. ज्याचं त्यालाच पाठवते, गटावर टाकत नाही. गटावर टाकलं की ऐकणारे तुलना करू लागतात, आणि स्वतःच्या लेकराचं कालचं-आजचं बाजूला राहतं.

१९ डिसेंबर
रात्री उशिरा एका आईचा निरोप आला. मागे ट्रॅक्टरचा आवाज. "मॅडम, परत एकदा धाडा. ह्याच्या बापानं ऐकलं न्हाई, गाडी भराया गेलता. आन् दिवाळीच्या टायमाला ते 'क्ष' सोडून द्यायचा, आता म्हणायलाय का?"

पहाटे फडात जाणारी बाई. मुलगा 'क्ष' गाळतो हे तिनं दोन महिने ध्यानात ठेवलं होतं. सकाळी 'क्ष' असलेली ओळ मुलाकडून वाचून घेतली आणि पाठवली.

९ जानेवारी
एक मुलगी मागं गेली आहे. डिसेंबरमध्ये छोटी गोष्ट वाचत होती, आता परिच्छेदातच थांबते, बोलतेही कमी. तीनशे किलोमीटरवरच्या आईला हे सांगून तिच्या जिवाला घोर लावायचा का, हा विचार दिवसभर मनात होता. सांगायचं ठरवलं. फक्त चांगलं तेवढं सांगितलं तर आईला अर्धी मुलगीच कळते. काय दिसतंय आणि मी काय करतेय, दोन्ही सांगितलं: दुपारच्या जेवणानंतर तिला जवळ घेऊन वाचते, सोप्या गोष्टींपासून पुन्हा. आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तिला माझ्याशी बोलाया द्या." आता बहुतेक रात्री आजीच्या फोनवर दोघी बोलतात. वाचन अजून पहिल्यासारखं झालेलं नाही.

१२ फेब्रुवारी
आमच्या शाळा-केंद्राची शिक्षण परिषद. एका सहकाऱ्यांचा मुद्दा: ऑनलाइन माहिती भरतानाच दिवस सरतो, त्यात हे आवाज पाठवणं आणखी. पहिली गोष्ट खरी आहे, मीही त्यात भरडली जाते. पण ते अर्ध्या मिनिटाचं वाचन हाच माझ्या आकारिक नोंदीचा पुरावा असतो. निपुण भारत अभियानात दुसरीअखेर मिनिटाला ४५ ते ६० शब्द अर्थ समजून वाचावेत असं आहे. तेही याच आवाजावरून मोजता येतं. काम एकच, ते पालकांच्याही उपयोगी पडतं आणि नोंदीच्याही.

८ एप्रिल
टोळ्या परतू लागल्या. एक वडील सामान उतरवून तसेच शाळेत आले. मुलगा आनंदानं पहिला धडा उघडून वाचायला लागला. त्यांनी पुस्तक काढून घेतलं, मागची पानं चाळली आणि एका पानावर बोट ठेवलं. "पाठ झालेलं नगं. हे वाच." मुलानं वाचलं. दोन शब्दांना अडला, एक स्वतः सोडवला. वडिलांनी दुसरा शब्द कुठला, मला विचारून घेतला.

१ मे
झेंडावंदन, मग निकाल. प्रगतिपत्रक हातात द्यायच्या आधी प्रत्येकाजवळ बसून ते वाचलं, नोंदींसकट. वेळ लागला, ऊन चढलं, पण फार कुणी उठून गेलं नाही. यंदा "पास हाय ना?" कमी आणि "तिसरीत नवीन काय?" जास्त ऐकू आलं. परिसर अभ्यास हा विषय येईल, त्यात आपल्याच जिल्ह्याची माहिती असेल, गुणाकार-भागाकार येईल, वाचलेल्याचं उत्तर स्वतःच्या शब्दांत लिहावं लागेल, असं सांगितलं. जानेवारीत मागं गेलेल्या मुलीच्या आईनं विचारलं, "आवाज धाडायचं तिसरीतबी चालू राहील का?"

तिसरीच्या बाईंशी दुपारी बोलले. त्या तयार आहेत. त्यांना प्रत्येक मुलाची नोंद दिली, आईबापांचे नंबर दिले, आणि कुणाला किती वाजता फोन लागतो तेही शेजारी लिहून दिलं.