महेश्वरचा काठ आणि इंदूरचा चहा

लग्नाला काय नेसावे, हे आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही. पण ‘अगदी घरगुती हं, नुसता चहा’ असे सांगून कामाच्या ओळखीपाळखीसाठी बोलावले, की कपाटापुढे उभ्या राहून आपण गोंधळतो. जरीची नेसावी तर मिरवायला आल्यासारखे वाटते, रोजची नेसावी तर आस्थाच नाही असे दिसते.

इंदूरला मला अशीच एक बैठक होती. निरनिराळ्या शाळांतल्या शिक्षिका, दोन-तीन मुख्याध्यापिका. माझी नोकरी अर्धवेळ; पूर्णवेळ जागेची खबर अशाच ठिकाणी लागते. आदला दिवस मोकळा होता, म्हणून वन्संबरोबर महेश्वर गाठले. इंदूरहून सुमारे ९० किलोमीटर.

खाली नर्मदेचा रुंद घाट, वर किल्ला. अहिल्याबाई होळकरांनी १७६७ साली राज्यकारभार हाती घेतला आणि महेश्वरला राजधानी केली. बाहेरून विणकर आणून इथे वसवले, तेव्हापासून गावात मागांची खटखट आहे. किल्ल्याच्या भिंतींवरची दगडी नक्षी साड्यांच्या काठांवर उतरली आहे. वीट, चटई, नर्मदेची लाट, सगळे ओळखू येते. घाटावर उभे राहून हातातला काठ भिंतीशी ताडून पाहावा, इतके!

साडी रेशीम आणि सूत मिळून विणलेली, म्हणून हलकी. सुताने अंगाला सुटसुटीत, रेशमाने किंचित चमक. काठ दोन्ही बाजूंनी सारखा, तेव्हा उलट-सुलट कशीही नेसा. पदरावर पाच पट्टे, बाकी अंग बहुधा साधे.

“वहिनी, हिच्यात तुम्ही बाईही दिसता आणि घरच्याही,” वन्सं म्हणाल्या. मी करड्या रंगाची, तांबड्या काठाची घेतली.

दुसऱ्या दिवशी साडीकडे लक्षच द्यावे लागले नाही. मुख्याध्यापिकाबाईंनी काठाची चौकशी केली, त्यावरून अहिल्याबाई निघाल्या, आणि मग मी इतिहास कसा शिकवते, हेही निघाले. जागेचे अजून ठरायचे आहे. पण अर्ज पाठवा, असे त्या आपणहून म्हणाल्या.

तेव्हा मैत्रिणींनो, अशा वेळी तीन गोष्टी पाहाव्या: कपात चहा असताना पदर सावरावा लागू नये, खुर्चीवर तासभर बसून साडी चुरगळू नये, आणि चपला सवयीच्या असाव्यात. पर्समध्ये छोटी वही नि पेन हवेच. घरी आल्यावर साडी सावलीतच वाळत घाला. रेशमाला ऊन सोसत नाही.