टाकीतला उन्हाळा

एप्रिलमध्ये आमच्या पॉलिहाऊसमध्ये येणारा पाहुणा आधी टांगलेला तापमापक बघतो आणि '३८!' म्हणत घाम पुसतो. मी आधी टाकीचं झाकण उघडून पाण्यात हात घालतो. पाणी गार लागलं की निम्मी काळजी मिटली.

नारायणगावकडच्या मातीतल्या टोमॅटोवाल्याला ही उठाठेव नसते. वर ऊन कितीही तापू दे, वीतभर खाली माती आपली संथ असते. आम्ही माती काढून टोमॅटो टाकीतून पाइपांत फिरणाऱ्या खतपाण्यावर लावले; मातीबरोबर तण आणि सूत्रकृमी गेले. मुळांचा आसराही गेला. काळा पाइप उन्हात राहिला तर दुपारी मुळं कोमट पाण्यात उभी.

टोमॅटोच्या मुळांना २० ते २२ अंश मानवतात. २० अंशांच्या लिटरभर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना जेमतेम साडेसात. आणि तापलेल्या मुळाला नेमका तेव्हाच जास्त हवा असतो. अशा गुदमरलेल्या मुळांत पिथियम हा मूळ कुजवणारा बुरशीसारखा रोगजंतू शिरतो. निरोगी मूळ पांढरं, टणक. लागण झालेलं चिमटीत धरून ओढलं की तपकिरी साल हातात येते, आत दोऱ्यासारखी शीर उरते. पाण्यात उभं असलेलं झाड भरदुपारी मान टाकतं. नवखा माणूस अशा वेळी खत वाढवतो. उन्हाळ्यात झाड अन्नापेक्षा पाणीच जास्त ओढतं, ईसी, म्हणजे द्रावणातल्या क्षारांची तीव्रता, आपोआप चढते. द्रावण उलट पातळ करायचं असतं.

टाकी जमिनीत पुरली, पाइपांना पांढरा रंग दिला, पाण्यात हवा सोडणारा एअरस्टोन रात्रंदिवस चालू. चिलर घ्या म्हणणारे भेटतात. विजेचं बिल ते भरणार असतील तर आजच घेतो.

फुलांचं दुखणं मात्र पाणी गार करून भागत नाही. दिवसापेक्षा मला रात्रीची धास्ती जास्त. रात्रीचा पारा २४-२५च्या खाली उतरला नाही की पराग कमकुवत होतो. मग पराग झडावा म्हणून सकाळी झाड बांधलेल्या सुतळीला कितीही टिचक्या मारा, फूल देठाच्या गाठीशी पिवळं पडून गळतं. जूनमध्ये झाड बघितलं तर खाली घोस, वर घोस, मधले देठ रिकामे.

जी फळं धरतात त्यांचाही रंग नारिंगीच राहतो. व्यापारी म्हणतो, "दादा, माल कच्चा आणला." कच्चा नसतो. फळ ३० अंशांच्या वर तापत राहिलं की लाल रंगाचं लायकोपीन नीट बनत नाही, पिवळं कॅरोटीन बनत राहतं. हे सांगून भाव काही वाढत नाही. म्हणून मे महिन्यात घोसांवरची पानं मी काढू देत नाही. तेवढ्या सावलीनंही रंग बरा येतो.