डीपी कोणाची जळते?

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. रात्री सव्वाअकराला चौकात मोठा आवाज झाला आणि आमची अख्खी वस्ती काळोखात बुडाली. डीपी उडाली होती. लोक बाहेर आले, धूर पाहिला आणि निमूटपणे अंगणात बाजा टाकून पडले. आई म्हणाली, "उद्या सांजेपर्यंत लाईन विसरा आता." तिचा अंदाज चुकला. लाईट आली ती दुसऱ्या दिवशी रात्री साडेदहाला.

आम्ही चंद्रपूरचे. मे महिन्यात इथला पारा 45-46 अंशांवर जातो हे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. दुसरीही एक गोष्ट ठाऊक असावी. आमच्या छतावरून महाऔष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात. 2920 मेगावॅट क्षमतेचं हे केंद्र राज्यातल्या सगळ्यात मोठ्या वीज केंद्रांपैकी एक. कोळसा इथला, पाणी इरई धरणाचं, ऊन आणि धूळ आमच्या वाट्याची. त्या चिमण्यांकडे पाहत आम्ही ती रात्र पुठ्ठ्याने वारा घालत काढली.

सकाळी खरी परीक्षा सुरू झाली. आमच्या गल्लीत नळाला जोर नाही, टिल्लू पंप लावल्याशिवाय पाणी वर चढत नाही. लाईट नाही म्हणजे पाणीही नाही. गल्लीच्या टोकाला उतारावर एक नळ आहे, तिथे सहा वाजताच गुंडांची रांग लागली. रांगेत सगळ्या बायका. माझी पत्नी आणि साठी ओलांडलेली आईही त्यात. मी काय करत होतो? मी फोनवर होतो. तक्रार नोंदवत होतो, ओळखीच्या कार्यकर्त्यांना सांगत होतो. आठव्या खेपेला पत्नी दारात थांबून म्हणाली, "अहो, तक्रार रांगेत उभं राहूनही करता येते." मी गुपचूप गुंड उचलला. वस्तीची लाईट जाते तेव्हा तिचा भार घरात सगळ्यांवर सारखा पडत नाही, हे मला त्या सकाळी माझ्याच घरात शिकावं लागलं.

आईला मधुमेह आहे. तिच्या इन्सुलिनची दोन पेनं बंद पडलेल्या फ्रिजमध्ये होती. दुपारी पत्र्याखालचं घर भट्टी होतं, त्या उष्णतेत औषध खराब होणार. पत्नीने पेनं स्टीलच्या डब्यात घातली, डबा लहान माठात ठेवला, माठाला ओलं फडकं गुंडाळलं आणि दर अर्ध्या तासाने त्यावर पाणी शिंपडत राहिली. तेच पाणी, जे आठ खेपा करून आणलं होतं. दोनच्या सुमारास सहा वर्षांच्या लेकीचं अंग तापलं. तिला उचलून विहारात नेलं. तिथली फरशी थंड होती. वस्तीतली दहा-बारा लेकरं आणि तीन म्हातारी माणसं आधीच तिथे पडून होती.

शेवटी औषध घेऊन मी बहिणीकडे गेलो. ती दोन किलोमीटरवरच्या कॉलनीत राहते. तिथे लाईट होती आणि घरोघरी इन्व्हर्टरही. बहिणीने पेनं फ्रिजमध्ये ठेवली, मला ताक दिलं. भाऊजी म्हणाले, "राग मानू नका, पण तुमच्या वस्तीत लोक आकडे टाकतात. मग डीपी जळणार नाही तर काय होईल?"

भाऊजी आपलेच आहेत. त्यांचं बालपणही वस्तीतच गेलं. आरक्षणाने शिकले, नोकरीला लागले, कॉलनीत गेले. म्हणूनच ते वाक्य लागलं. पण राग बाजूला ठेवून त्याचं उत्तर द्यायला हवं, कारण आज असं बोलणारे ते एकटे नाहीत.

पहिली गोष्ट, आकडे आहेत. ते लपवण्यात अर्थ नाही. आमच्या वस्तीत चार घरांवर आहेत. पण बाकीची घरं बिल भरतात. आमच्या घरच्या पावत्या आईने ट्रंकेत वर्षावार बांधून ठेवल्या आहेत. मग चार घरांचा दोष सगळ्या वस्तीच्या माथी का? कॉलनीत कोणी मीटरमध्ये फेरफार केला तर तो चोर ठरतो, कॉलनी चोर ठरत नाही. वस्तीत मात्र एकाने केलं की सगळी वस्ती तशी ठरते. माणसाला त्याच्या कर्माने न ओळखता तो कुठे जन्मला, कुठे राहतो यावरून ओळखायचं, ही रीत आपल्याला नवीन नाही. भारनियमनाच्या काळात आपल्या राज्यात फीडरवरची गळती आणि वसुली पाहून गट पाडले गेले होते. जिथे गळती जास्त तिथे अंधार जास्त. नियमित बिल भरणाराही त्याच अंधारात बसला. कागदावर त्यात कुठेही जात लिहिलेली नव्हती. पण या देशात गल्ल्या आणि वस्त्या जातीने वसलेल्या असताना वस्तीला दिलेली शिक्षा कोणाला लागते, हे सांगायला समाजशास्त्राची पदवी लागत नाही.

दुसरी गोष्ट, डीपी का जळली? संध्याकाळी सातला लाईनमन आला. कंत्राटी पोरगा, वय पंचविशीच्या आत, हातात धड मोजेही नाहीत. तरुण मुलं त्याच्या अंगावर धावली. आई मध्ये पडली. त्याला पाणी दिलं आणि मुलांना म्हणाली, "याला मारून लाईन येते काय रे?" त्यानेच सांगितलं की ही डीपी बसवली तेव्हा घरं निम्मी होती आणि घरात एक बल्ब, एक पंखा. आता घरं दुप्पट, प्रत्येक घरी कूलर, बऱ्याच घरी फ्रिज. भार वाढला, डीपी तीच राहिली. चार आकड्यांनी ती जळत नाही. वस्तीची वाढलेली गरज कोणी मोजलीच नाही म्हणून ती जळते.

तिसरी गोष्ट, आकडे टाकणारी ती चार घरं. मी त्यांना विचारलं. चौघांनीही मीटर मागितलं होतं. जागा नझूलची, पट्टा नाही, म्हणून काउंटरवरून तोंडीच परत पाठवलं. आता कायदा पाहा. वीज कायदा 2003 च्या कलम 43 प्रमाणे जागेच्या मालकाने किंवा तिथे राहणाऱ्याने अर्ज केला की एका महिन्यात वीज देणं हे वितरण करणाऱ्याचं कर्तव्य आहे. मालक किंवा राहणारा, हे शब्द नीट वाचा. म्हणजे आधी हक्क नाकारायचा आणि मग त्या माणसाला चोर म्हणायचं.

आपल्यापैकी कित्येकांना बाबासाहेब म्हटलं की संविधान आठवतं, वीज आठवत नाही. 1942 ते 1946 या काळात ते व्हॉइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते आणि वीज व पाटबंधाऱ्यांचा विषय त्यांच्याच खात्याकडे होता. 1943 साली युद्धोत्तर वीज विकासावर बोलताना त्यांनी वीज खाजगी मालकीची असावी की सरकारी, हा प्रश्न थेट मांडला होता. वीज नुसती असून भागत नाही, ती स्वस्त आणि मुबलक हवी. औद्योगिकीकरणाशिवाय दारिद्र्य हटणार नाही आणि विजेशिवाय औद्योगिकीकरण होणार नाही, अशी त्यांची मांडणी होती. मध्यवर्ती तांत्रिक वीज मंडळ त्यांच्याच काळात उभं राहिलं. 1956 च्या 16 ऑक्टोबरला याच चंद्रपुरात त्यांनी धम्मदीक्षा दिली. त्यांच्या जयंतीला आपण चौक रोषणाईने उजळून टाकतो. मग उरलेलं वर्षभर चौकातल्या डीपीबद्दल आपण बोलायचंच नाही का?

लाईट आल्यावर आम्ही गप्प बसलो नाही. पुढच्या रविवारी विहारात बैठक घेतली. मुलामुलींनी घरोघर जाऊन कूलर, पंखे, फ्रिज यांची यादी केली आणि वाढीव क्षमतेच्या डीपीसाठी सामूहिक अर्ज दिला. चारही घरांचे मीटरचे अर्ज लेखी दिले, पोच घेतली. कलम 57 प्रमाणे सेवेची मानकं पाळली नाहीत तर ग्राहकाला भरपाई द्यावी लागते, म्हणून भरपाईचाही अर्ज केला. दाद मिळाली नाही तर कलम 42 खाली तक्रार निवारण मंच आहे. बैठकीला निम्म्याहून जास्त बायका होत्या आणि अर्जावर पहिली सही आईची.

आजवर दोन घरांना मीटर मिळालं आहे. डीपी अजून तीच आहे आणि पुढचा उन्हाळा येतोच आहे. भाऊजींना मी तो अर्ज वाचायला दिला. वाचून ते काही वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले, "इंग्रजीतला मसुदा मी करून देतो." मला तेवढं पुरेसं वाटलं. कॉलनीत गेलेल्या आपल्या माणसांकडून वस्तीला दया नको आहे, मसुदा हवा आहे.

मित्रांनो, तुमच्या वस्तीतली लाईट गेली तर नुसता फोन करून थांबू नका. तक्रार क्रमांक घ्या, वेळ लिहून ठेवा, अर्ज लेखी द्या, पोच मागा. आणि हो, आधी गुंड उचला.

जय भीम.