अण्णांचं चाक

अण्णांनी 1978 साली घेतलेल्या राजदूतचं टायर कधीही दुकानात बदललं नाही, ही आमच्या घराण्याची अधिकृत नोंद आहे. बुलडाण्याहून राजूर घाट उतरून ते रोज मोताळ्याच्या शाळेत जात आणि वाटेतल्या बाभळीच्या काट्यांना पुरून उरत, असं मी मुलांना सांगत आलोय. आता त्याच गाडीचं टायर झिजल्यावर दुकानात कोणत्या तोंडाने जाणार?

रविवारी अंगणात बैठक मारली. दोन लोखंडी पट्ट्यांनी टायरची एक कड उचलावी, तर समोरची जास्तच घट्ट बसे. सौ. म्हणाली, "समोरची कड पायाने रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबा. तिथे घेर कमी, म्हणून इकडे ढील मिळते." हिला हे कसं ठाऊक, हे विचारायची हिंमत झाली नाही. साबणाचं पाणी लावलं, पाय दिला. टायर निमूट निघालं. (एवढी आज्ञाधारकता या घरात इतरत्र आढळत नाही.)

नवं चढवलं. पंप मारून खांदे निखळले, पण हवा थांबेना. ट्यूब पट्टीखाली चिमटली होती. ट्यूबमध्ये आधी थोडी हवा भरून घेतात, हे मला मागाहून कळलं.

ओसरीवर तांदूळ निवडणारी आई मान वर न करता म्हणाली, "अण्णाही दरवेळी हेच करायचे. मग अंधार पडला की ट्यूब पिशवीत, वर मेथीची जुडी, आणि निघाले पंक्चरवाल्याकडे!"

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तू पोरांना इतकं रंगवून सांगायचास रे..."

मी पिशवी शोधायला उठलो. मेथी नव्हती. सौ.ने कोथिंबीर दिली.