घोंगडी आणि किलीम : रोजनिशीतली पानं

६ जानेवारी, जालना

पुतणीने दोह्याहून आणलेला किलीम आज बैठकीत अंथरला. दुकानदाराने तिला एवढंच सांगितलं होतं, 'इराणचा आहे, कश्काईंचा.' लाल, गर्द निळा आणि मळकट पांढरा. मधे एकात एक बसवलेले शंकरपाळे, भोवती दातेरी काठ. घरच्यांची पहिली तक्रार अशी की गालिच्यासारखा मऊ नाही. नसणारच. गालिच्यात उभ्या धाग्यांना लोकरीच्या गाठी मारून वर केस सोडतात; इथे गाठ नाही आणि केसही नाहीत. आडवा धागा, म्हणजे बाणा, इतका ठोकून बसवलाय की उभा ताणा दिसतच नाही. सगळी नक्षी बाण्याच्या रंगावर चालते.

रात्री उजेडासमोर धरला. लाल संपून निळा लागतो तिथे बारीक उभ्या फटी दिसतात. वहिनींना वाटलं, कसर लागली. विणणारी बाई लाल धागा लालच्या हद्दीवरून परत फिरवते, निळा निळ्याच्या. दोघे एकमेकांत अडकत नाहीत, म्हणून मधे फट राहते. ही फट सरळ उभी लांब जाऊ दिली तर कापड तिथेच फाटेल. म्हणून रेघ पायरीपायरीने तिरकी न्यायची. शंकरपाळे आणि दाते यांचा जन्म बराचसा या गरजेतून झालेला आहे. किलिमातल्या प्रत्येक त्रिकोणात गूढ अर्थ वाचणाऱ्यांनी एकदा तो दिव्यासमोर धरावा.

९ जानेवारी

दोन दिवस किलिमांवरच्या वाचनात गेले. इराणच्या भटक्या जमातींचं विणकाम मुलखामुलखात एवढं बदलतं की जाणकार मागची बाजू चाचपून गाव नाही तरी जमात सांगतात.

कश्काई दक्षिणेकडचे, फार्स प्रांतातले. हिवाळा आखाताकडच्या उबदार सखल भागात, उन्हाळा झाग्रोस डोंगरात. रंगांना भिणं त्यांना माहीत नाही. त्यांच्या वर, मधल्या झाग्रोसमध्ये बख्तियारी. ते दोन रंगांचे धागे हद्दीवर एकमेकांत अडकवतात, त्यामुळे फट राहत नाही. कापड जाड आणि दणकट होतं. त्यांच्या ओझ्याच्या पिशव्यांमध्ये तर मोठी व्यवहारी अक्कल आहे. पिशवीचा जो भाग जनावराच्या अंगावर घासून झिजतो, तेवढ्याच पट्ट्यात गाठी मारून केस सोडायचे, बाकी सगळं सपाट विणायचं. शोभेसाठी कुणी एवढा हिशेब करत नाही.

वायव्येला शाहसेवन, मोगानच्या सखल मैदानातून सबलान पर्वतापर्यंत जाणारे. त्यांचा हात सुमाकवर बसलेला. त्यात रंगीत बाणा ताण्याभोवती गुंडाळत पुढे न्यायचा. अंथरुणं भरायच्या पेटीसारख्या मोठ्या थैल्या ते अशा विणत. अशीच गुंडाळण दूर किरमानकडे सिरजानच्या अफशारांतही आहे. पूर्वेला खोरासान-सिस्तानचे बलुच: काळपट लाल, तपकिरी, काळ्याकडे झुकलेला निळा, मधे उंटाच्या केसांचा मूळ रंग. आणि मग सेन्ने, म्हणजे आजचं सनंदज. कुर्दांचं हे शहर. तिथले किलीम इतके बारीक की बाणा वाकवून फुलं आणि वळणं काढली आहेत. कौतुक वाटतं, पण मला ते शहरी वाटतात. घाईत तंबू उचलणाऱ्या बाईचं ते काम नव्हे.

युनेस्कोने २०१० साली फार्सच्या विणकामाला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं, ते गालिच्यांसाठी. पण त्यात सांगितलेली कामाची वाटणी किलिमालाही लागू पडावी. पुरुष लोकर कातरतात आणि जमिनीवर आडवा माग उभारतात. सूत काढणं, रंग निवडणं आणि विणणं बायकांकडे. लाल मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांतून, निळा निळीतून. शिवाय अक्रोडाची साल, डाळिंबाची साल. समोर नमुन्याचा कागद नसतो. नक्षी डोक्यात.

१४ जानेवारी

संक्रांत. तीळगुळाला आलेल्यांना किलीम दाखवता दाखवता दिवस गेला. प्रत्येकाचा प्रश्न एकच, केवढ्याला पडला.

१९ जानेवारी, अंबड रस्ता

मेहुण्याच्या शेतात मेंढरं बसली आहेत. कापूस निघाला, पऱ्हाट्या उपटल्या, रान मोकळं झालं. मेंढरं रात्री रानात बसवायची, लेंड्या आणि मूत जमिनीला मिळतं, धनगराला धान्य किंवा पैसे. मेहुणा म्हणतो, एका बसवणीचा गुण पुढच्या दोन पिकांत दिसतो.

धनगरांच्या वाड्यावरचे, म्हणजे तळावरचे, म्हातारे बाबा जाळीजवळ बसले होते. खांद्यावर काळी घोंगडी, एका बाजूला उसवलेली. मी विचारलं, "बाबा, ही घरी विणलेली का?"

"आपण कशाला विणतो गुरुजी? लोकर आपली. सूत आमच्या म्हातारीनं काढलं. विणली खुटेकरानं."

या एका उत्तरासाठी आठवडाभर वाचत होतो असं वाटलं. इराणात मेंढरं पाळणारी जमात आणि विणणारी जमात एकच. माग जमिनीवर आडवा, चार खुंट्यांचा; तळ हलला की गुंडाळून जनावरावर टाकायचा आणि पुढच्या तळावर पुन्हा ठोकायचा. त्यामुळे जमातीची खूण कापडात उतरते. आपल्याकडे मेंढरं फिरतात आणि माग घरात खड्ड्यावर बसलेला. खड्डा उचलून नेता येत नाही. लोकर एकाची, विणकर दुसरा. आपल्याकडे खुटेकर, खाली सोलापूर-सांगलीकडे सनगर. मग घोंगडीत धनगराची खूण कुठे शोधायची? नक्षीत नाही. ती लोकरीत आहे. काळी, करडी, तपकिरी, पांढरी, जसं मेंढरू तसा रंग, रंगाची भट्टी जवळपास नाहीच. दख्खनी मेंढीची लोकर भरड, टोचरी. कोकराच्या पहिल्या कातरणीची ती जावळ. जावळाची घोंगडी अंगाला लागत नाही, म्हणून तिचा भावही वेगळा.

बाबांनी पुढे सांगितलं ते कडू होतं. लोकर वर्षातून दोनदा कातरायची, कातरणाऱ्याची मजुरी लोकरीच्या पैशातून निघत नाही. कधी लोकर बांधावरच टाकून पुढे जातात. मटणाला भाव आला, म्हणून कळपांत माडग्याळी नर सोडले. अंग भरतं, लोकर मात्र विरळ.

२७ जानेवारी

किलीम पिशवीत घालून विणकराच्या घरी गेलो. गावाचं नाव लिहीत नाही, त्यांनीच नको म्हटलं. उगाच लोक येतात, फोटो काढतात, घोंगडी घेत नाहीत.

ओसरीत खड्डा माग. चिंचोक्याच्या खळीचा वास घरभर. चिंचोके भाजून, भिजवून, वाटून, शिजवून केलेली ही खळ ताण्याला कुंच्याने चोळायची आणि सुकवायची, तेव्हा भरड सूत मागावर तुटत नाही. काका पाय खड्ड्यात सोडून बसलेले. मावशी दारात चरख्यावर सूत काढत होत्या.

किलीम त्यांनी आधी उलटा केला. काठ अंगठ्याने दाबून पाहिला. फटी बोटाने मोजल्यासारख्या चाचपल्या.

"बाईचं काम आहे," काका म्हणाले. "धोटा पूर्ण रुंदी मारत नाही इथं. हातानं भरलंय, तुकडा-तुकडा. याला लई दिवस लागतात."

"घोंगडीला?"

"ताणा लावलेला असला तर दोन दिवसांचं काम. पण ताण्याआधीची मेहनत कोण धरतं?"

मावशींनी हात न थांबवता विचारलं, "हे पावसात चालतं का?"

मी म्हटलं, अंथरायचं आहे, पांघरायचं नाही. मग काकांनी आपल्या मागची घोंगडी दाखवली. काळी, दोन्ही टोकांना पांढऱ्या दोन रेघा. मेंढक्याची खोळ हीच, उशी हीच, सतरंजी हीच. झिमझिम पावसात डोक्यावर घेतली तर लवकर भिजत नाही. खंडोबापुढे अंथरतात तीही हीच. रेघा कुणासाठी, असं विचारलं. "गिऱ्हाईक मागतं," काका म्हणाले. "पूर्वी एक रेघ होती. आता दोन मागतात."

म्हणजे शैली इथेही बदलते, फक्त ती रेघेरेघेने बदलते आणि कुणी तिचं पुस्तक काढत नाही.

तिकडे इराणात १९३० च्या दशकात रेझा शाहने भटक्या जमातींना बळाने एका जागी बसवलं, तेव्हा पुष्कळ कळप मेले. विणकाम टिकलं ते बाजारामुळे, आणि बाजाराने रंग-मापं ठरवायला सुरुवात केली. आपल्याकडे बसवायला कुणी बंदूक आणली नाही. गायरानं कमी झाली, कातरणी परवडेना, तेवढ्याने काम झालं.

२ फेब्रुवारी

बाबांचा वाडा परवा परतूरकडे हलणार. त्यांची कातरणी बाकी आहे. मेहुण्याच्या शेतातच कातरायची, मजुरी मी द्यायची, लोकर विणकराकडे न्यायची असं ठरवलं. विणकर काकांना फोन केला. त्यांनी आधी विचारलं, लोकर धुतलेली की मातीसकट, आणि काळी-पांढरी वेगळी ठेवणार का. वेगळी ठेवली तरच ते हात लावतील. पुतणीला घोंगडी पाहिजे, पण रेघा लाल हव्यात म्हणते. काका म्हणाले, लाल लागेल तेवढं सूत तिनंच रंगवून आणावं.