पोकळ खोडांना फुलवणारे गाव

जपानमध्ये फेब्रुवारी म्हणजे कडाक्याची थंडी. अशा दिवसांत टोकियोजवळच्या ओमियाच्या बागांमध्ये पाऊल टाकले, की लाकडी फळ्यांवर मांडलेल्या उथळ कुंड्यांतून उमेची झाडे फुललेली दिसतात. उमे म्हणजे जपानी जर्दाळू. एखाद्या झाडाची उंची दोन-तीन वीत, पण खोड मात्र उभे चिरल्यासारखे. आतला गाभा कुजून गेलेला. उरलेली असते ती एका बाजूची सालीची पट्टी आणि तिच्यामागचे थोडेसे लाकूड. पहिल्यांदाच पाहणाऱ्याला वाटावे, झाड केव्हाच मेले आहे, फेकून द्यायचे तेवढे राहिले. मग नजर वर जाते. त्याच फाटक्या खोडातून निघालेल्या डहाळ्यांवर पांढरी-गुलाबी फुले असतात आणि त्यांचा मंद सुवासही येत असतो.

पोकळ खोड आपल्याला नवीन नाही. गावाकडच्या जुन्या चिंचेला ढोली असतेच. तिच्यात पोपट घर करतात आणि झाड वर्षानुवर्षे चिंचा देत राहते. कुंडीत मावणाऱ्या झाडात हीच ढोली सांभाळण्याची कला पाहायची असेल, तर ओमियाला जायला हवे.

भूकंपानंतर वसलेली वाडी

१ सप्टेंबर १९२३ रोजी झालेल्या भूकंपाने आणि त्यानंतरच्या आगीने टोकियो उद्ध्वस्त झाले. शहरात बोनसायचा धंदा करणाऱ्या माळ्यांना आता मोकळी जागा, चांगली माती, स्वच्छ पाणी आणि हवा हवी होती. ती त्यांना उत्तरेकडे ओमियाला मिळाली आणि १९२५पासून तेथे वस्ती उभी राहू लागली. रहिवाशांनी आपसात नियमही ठरवले. प्रत्येक घरी किमान दहा बोनसाय असावेत, फाटक सर्वांसाठी उघडे ठेवावे, घराला दुसरा मजला चढवू नये आणि कुंपण झाडांचेच असावे. मजल्याची मनाई का? तर शेजाऱ्याच्या झाडांवर सावली पडू नये आणि वरून कोणी डोकावू नये म्हणून!

पाइनचा थाट, मेपलची अडचण

बोनसायमधील वाळलेले लाकूड म्हटले, की डोळ्यांसमोर येतो तो ज्युनिपर. उंच डोंगरावर वारा आणि बर्फ त्याची साल सोलून काढतात आणि उघडे पडलेले लाकूड उन्हात हाडासारखे पांढरे होते. राळेमुळे ते लवकर कुजत नाही. वाळलेल्या फांदीला जपानी माळी ‘जिन’ म्हणतात आणि खोडावरच्या वाळलेल्या पट्ट्याला ‘शारी’. हे लाकूड टिकावे आणि पांढरे राहावे म्हणून त्यावर गंधक-चुन्याचे द्रावण लावतात.

मेपल, उमे, डाळिंब या पानझडी झाडांची गोष्ट वेगळी. त्यातही मेपलसारख्यांचे लाकूड मऊ असते. फांदी मोडली, की तिथे ओल साचते, बुरशी शिरते आणि लाकूड भुसभुशीत होऊन गळून पडते. मागे राहते ती पोकळी. या ढोलीला जपानी शब्द आहे ‘उरो’. आरपार चिरलेल्या पोकळ खोडाला ‘साबामिकी’ म्हणतात. मेपलवर ज्युनिपरसारखा पांढराशुभ्र सुळका काढला, तर तो जाणकाराला खटकतो, कारण निसर्गात तसे घडत नाही. म्हणून पानझडी झाडांच्या लाकडावर द्रावण लावायचे झाल्यास त्यात थोडी काळी शाई मिसळून रंग उतरवतात.

मेपलच्या बाबतीत तर गुळगुळीत, निर्व्रण खोड हाच जपानी माळ्यांचा आदर्श. मोठी फांदी कापली, की जखमेवर लेप लावायचा आणि कडेची साल सरकत सरकत ती झाकेपर्यंत वर्षानुवर्षे थांबायचे. जखम फार मोठी असेल आणि झाकली जाणार नसेल, तेव्हाच तिची ढोली करतात. उमे आणि डाळिंब यांना मात्र ही चिरफाळलेली खोडेच शोभून दिसतात.

जखम भरत नाही, बंद होते

गाभा गेल्यावर झाड जगते कसे? खोडाच्या मध्यभागाचे जुने लाकूड मुळातच मेलेले असते. ते झाडाला आधार देते, एवढेच. पाणी वर चढते ते बाहेरच्या लाकडातून. पानांनी तयार केलेले अन्न खाली उतरते ते सालीच्या आतल्या थरातून. या दोहोंच्या मधला वाढीचा थर कागदासारखा पातळ असतो. तो शाबूत असेल, तर एवढ्याशा पट्टीवरही फांद्या जगतात. ती पट्टी सुकली, तर तिच्यावर पोसलेला वरचा भागही गेला.

अमेरिकन वनशास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शिगो यांनी हजारो झाडे उभी चिरून पाहिली आणि १९७०च्या दशकात एक महत्त्वाची गोष्ट मांडली. आपल्या कातडीसारखी झाडाची जखम बरी होत नाही. झाड कुजलेल्या भागाभोवती आतून भिंती घालते, त्याला कोंडून टाकते आणि बाहेरून नवे लाकूड वाढवत जाते. म्हणूनच ढोली खरवडून थेट ताज्या लाकडापर्यंत जाणे घातक, कारण त्यात झाडाने घातलेली भिंतच फुटते. मोठ्या झाडांच्या ढोलीत सिमेंट भरण्याची जुनी पद्धतही तज्ज्ञांनी सोडून दिली आहे. बोनसायचे माळी हलक्या हाताने सुटा भुसा तेवढा काढतात, पाणी साचणार नाही अशी वाट ठेवतात आणि जिवंत कडेला धक्का लावत नाहीत.

उघडी फाटके

ओमियालाही घाव चुकले नाहीत. दुसऱ्या महायुद्धात बोनसाय ही चैन ठरली आणि अनेक बागा बंद पडल्या. एके काळी येथे तीसच्या आसपास बागा होत्या. आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या आहेत. बोनसायला रोज पाणी लागते, उन्हाळ्यात तर दिवसातून दोन-तीनदा. वडिलांनी वाढवलेले झाड मुलाने घेतले नाही, तर एका कडक उन्हाच्या दिवसातही पिढ्यांची मेहनत मातीत जाऊ शकते.

तरीही १९८९ साली पहिले जागतिक बोनसाय संमेलन येथेच भरले आणि २०१७ साली ते पुन्हा या शहरात आले. मार्च २०१०मध्ये येथे बोनसायचे सार्वजनिक संग्रहालय उघडले. टोकियोच्या उएनो स्थानकातून लोकलने अर्ध्या तासाच्या आसपास तोरो येते आणि तेथून संग्रहालय पाच-सात मिनिटांच्या चालीवर आहे. मे महिन्याच्या ३ ते ५ तारखांना गावात मोठा बोनसाय उत्सव भरतो. पानझडी झाडांसाठी ‘फुयो-एन’ ही बाग प्रसिद्ध आहे. गुरुवारी मात्र जाऊ नये, बहुतेक ठिकाणी सुट्टी असते.

मेपलची नवी पालवी पाहायची तर वसंतात जावे आणि रंग पाहायचे तर नोव्हेंबरमध्ये. पण खोडांची खरी ओळख हिवाळ्यातच होते. पाने गळलेली असतात, त्यामुळे एकही व्रण झाकलेला नसतो. पाहणारा खाली वाकतो, ढोलीत डोकावतो आणि कडेने वळून आलेल्या जाड सालीची रेघ वरच्या कळीपर्यंत नजरेने शोधत जातो.