डुलतं सिलिंडर

वाफेच्या इंजिनाचा जीव त्याच्या व्हॉल्व्हमध्ये असतो. वाफ कधी आत घ्यायची, कधी कोंडायची आणि कधी सोडून द्यायची, हे तो ठरवतो. नेहमीच्या स्लाइड व्हॉल्व्हच्या इंजिनात या एका कामासाठी मोठा परिवार लागतो. शाफ्टवर एक्सेंट्रिक, त्याचा पट्टा, दांडा, व्हॉल्व्हची पेटी, तिचं झाकण, ग्लँड आणि आत मागंपुढं सरकणारा व्हॉल्व्ह. डुलत्या सिलिंडरच्या छोट्या इंजिनात यातलं काहीही नाही. कनेक्टिंग रॉडसुद्धा नाही. पिस्टनचा दांडा थेट क्रँकपिनला जोडलेला असतो. क्रँक ज्या बाजूला जाईल त्या बाजूला दांडा झुकतो आणि दांड्याबरोबर अख्खं सिलिंडर झुकतं. त्या झुकण्यातच वाफेची दारं उघडतात आणि मिटतात.

माझ्याकडे लेथ शिकायला येणारा, आयटीआय झालेला एक मुलगा असलं इंजिन हातात घेऊन चारी बाजूंनी बघत राहिला आणि म्हणाला, "काका, याला व्हॉल्व्ह कुठाय?" मी म्हटलं, "तू धरलायस तोच." त्यानं सिलिंडर बोटानं डोलवून पाहिलं, स्प्रिंग दाबून फटीतून आत डोकावला आणि मग त्याचा चेहरा उजळला. तो क्षण मला फार आवडतो. एखादी यंत्ररचना समजते ती अशीच, एका झटक्यात. ती करून बघायची म्हटलं की मात्र वेळ लागतो.

मॉडेलवाले याला नवशिक्याचं इंजिन समजतात. इंग्लंडच्या मॅमॉडनं मुलांच्या खेळण्यात हेच सिलिंडर वापरलं, त्यामुळे तो शिक्का आणखी घट्ट बसला. मला तो मान्य नाही. भाग कमी म्हणजे काम सोपं, हा हिशेब इथं लागू पडत नाही. स्लाइड व्हॉल्व्ह जरा पुढंमागं बसला तर नट फिरवून जागेवर आणता येतो, एक्सेंट्रिक शाफ्टवर सरकवता येतं. इथं सरकवायला काहीच नाही. भोकं पडली ती पडली. जी अचूकता तिथं जुळणी करताना आणता येते, ती इथं आखणीतच असावी लागते.

रचना अशी. सिलिंडरची एक बाजू सपाट केलेली असते. तिच्या मध्यावर पिव्हॉटची पिन आणि डोक्याच्या टोकाला एकच भोक, थेट बोअरमध्ये उघडणारं. समोर उभा पोर्ट ब्लॉक, त्याचाही चेहरा सपाट, त्यात शेजारी शेजारी दोन भोकं. एकातून वाफ येते, दुसऱ्यातून जाते. पिन ब्लॉकमधून पलीकडे काढून तिच्यावर स्प्रिंग आणि नट बसवला की दोन्ही चेहरे एकमेकांवर दाबून राहतात. क्रँक सिलिंडरच्या दिशेनं सरळ वर असेल तेव्हा सिलिंडर उभं असतं आणि त्याचं भोक ब्लॉकच्या दोन भोकांच्या बरोबर मधे, कोऱ्या धातूवर टेकलेलं असतं. ना आवक, ना जावक. फ्लायव्हील ही जागा ओलांडून नेतं. क्रँक उजवीकडे गेली की सिलिंडरचं खालचं टोक उजवीकडे आणि डोकं डावीकडे. डाव्या भोकात वाफ असेल तर ती आत शिरते आणि पिस्टन खाली रेटते. तळाशी पुन्हा सगळं बंद. मग डोकं उजवीकडे झुकतं आणि वापरलेली वाफ उजव्या भोकातून बाहेर पडते.

आता आकडे. मी सध्या ज्या मापावर शिकवतो त्यात बोअर १० मिमी, क्रँकची त्रिज्या ८, म्हणजे स्ट्रोक १६. क्रँकच्या मध्यापासून पिव्हॉटपर्यंत ४८. आठाला अठ्ठेचाळीसनं भागलं की एक षष्ठांश. हा सर्वांत मोठ्या झुकावाच्या कोनाचा साइन, म्हणजे कोन साधारण ९.६ अंश. पिव्हॉटपासून भोकापर्यंतचं अंतर १८ ठेवलं तर भोक दोन्ही बाजूंना बरोबर ३ मिमी सरकतं. म्हणून ब्लॉकवरच्या दोन भोकांचे मध्य एकमेकांपासून ६ मिमीवर. भोकांचा व्यास ३ घेतला तर मधल्या जागी कडेला कड भिडते, जराशी गळती झाली की वाफ आवकीतून सरळ जावकीत. मी २.५ घेतो. मग मधे असताना दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा मिमी कोरा धातू झाकायला मिळतो. त्याची किंमत अशी की वाफ वरच्या मृतबिंदूनंतर सुमारे ८ अंशांनी आत येते आणि तळाच्या आधी सुमारे ११ अंशांवर बंद होते. ८ आणि ११ असा फरक का, तर क्रँक वर असताना ती पिव्हॉटच्या जवळ असते आणि सिलिंडर भराभर झुकतं. खाली असताना लांब असते, तेव्हा ते सावकाश झुकतं. सर्वांत मोठा झुकावसुद्धा पाव फेरीवर येत नाही, जरा आधी येतो, ८० अंशांवर. तिथून तळापर्यंत १०० अंश. हे कागदावर काढून बघितल्याशिवाय बोटांना कळत नाही.

आणखी एक बारकावा. पुष्कळ जण ब्लॉकवरची दोन भोकं सिलिंडरच्या उभ्या स्थितीतल्या भोकाच्या उंचीवर, सरळ रेषेत आखतात. पण भोक पिव्हॉटभोवती कंसावर फिरतं. टोकाला ते पाव मिमी खाली आलेलं असतं. अडीच मिमीच्या भोकात पाव मिमी म्हणजे दहावा हिस्सा गेला. यावर जुन्या मंडळींनी काढलेला उपाय मला कुठल्याही गणितापेक्षा सुंदर वाटतो. सिलिंडरचं भोक बोअरमधून आरपार, पलीकडच्या भिंतीतूनही पाडायचं. इंजिन पूर्ण जोडायचं, फक्त ब्लॉक अजून कोरा. क्रँक फिरवत सिलिंडर एका बाजूला जास्तीत जास्त झुकेल तिथं थांबवायचं, क्लँपनं घट्ट धरायचं आणि सिलिंडरच्याच भोकातून ड्रिल घालून ब्लॉकवर खूण उमटवायची. मग दुसऱ्या बाजूला तसंच. शेवटी बाहेरच्या भिंतीतलं भोक बूच ठोकून किंवा डाग देऊन बंद करायचं. क्रँक पाव मिमी मोठी झाली असो, पिव्हॉट थोडा वर सरकलेला असो, भोकं त्या इंजिनाला हवी तिथंच पडतात. यंत्रानं स्वतःच स्वतःची आखणी केलेली असते.

खरी कसोटी चेहऱ्याची. पिन चेहऱ्याशी अगदी गुण्यात हवी. ती केसभर कलली तर स्प्रिंग कितीही आवळा, सिलिंडर एका कडेवर टेकून दुसऱ्या कडेला उघडं राहतं आणि झुकाव बदलला की उघडी कडही बदलते. म्हणून मी चेहऱ्याचं फेसिंग आणि पिनच्या भोकाचं ड्रिल एकाच पकडीत करतो, काम चकमधून न काढता. मग जाड काचेवर बारीक पॉलिश पेपर, थेंबभर तेल आणि इंग्रजी आठाच्या आकड्यात हात. निळं लावून बघायचं. पिव्हॉटच्या भोवती धातू थोडा खोल उतरवून ठेवायचा, म्हणजे चेहरा भोकांच्या पट्ट्यात आणि पलीकडच्या टोकाला टेकतो, मधे नाही. दोन्ही चेहरे पितळेचे किंवा गनमेटलचे असतील तर एमरीची पेस्ट जवळही आणू नये. तिचे कण मऊ धातूत रुततात आणि पुढं कायम चेहरा खात बसतात. शेवटचा हात ब्रासोचा पुरतो.

स्प्रिंगबद्दल थोडं आदरानं बोलावंसं वाटतं. तिचं दिसतं ते काम चेहरे दाबून धरायचं. फार आवळली तर घर्षणात इंजिन गुदमरतं, सैल राहिली तर फुसफुसतं. पण तिचं दुसरं काम थंड सिलिंडरमध्ये पहिली वाफ शिरते तेव्हा कळतं. वाफेचं पाणी होतं, पाणी दाबलं जात नाही आणि वर चढणारा पिस्टन त्याच्यावर आदळतो. दुसऱ्या इंजिनात यासाठी ड्रेन कॉक उघडे ठेवावे लागतात, विसरलं तर झाकण फुटतं किंवा दांडा वाकतो. इथं सिलिंडर चेहऱ्यावरून कणभर उचललं जातं, पाणी चुळकन बाहेर येतं आणि स्प्रिंग त्याला पुन्हा बसवते.

दोष आहेत, तेही सांगायला हवेत. वाफ जवळजवळ पूर्ण स्ट्रोकभर आत येत राहते. ती मधेच तोडून उरलेलं काम तिच्या प्रसरणावर करून घ्यायची सोय नाही. म्हणून वाफ खाण्यात हे इंजिन उधळं. शिवाय सिलिंडरला डोलवायचं कोणी, तर पिस्टनच्याच दांड्यानं. ती बाजूची रेटारेटी पिस्टन आणि बोअर सोसतात. त्यासाठी पिस्टन लांब ठेवावा लागतो आणि तरीही काही वर्षांनी बोअर अंडाकृती होतो.

तरीही मोठ्या माणसांनी या कल्पनेवर जीव लावला. वॅटचा सहकारी विल्यम मर्डॉक यानं १७८५च्या सुमारास डुलत्या सिलिंडरचं मॉडेल केलं. ॲरन मॅन्बीनं १८२१ साली पेटंट घेतलं आणि त्याच्याच नावाची लोखंडी बोट १८२२ साली असलं इंजिन घेऊन लंडनहून पॅरिसला गेली. पण याला खरं रूप दिलं ग्रीनिचच्या जॉन पेननं. चाकांच्या बोटीत शाफ्ट आडवा आणि वर असतो, खाली जागा कमी. कनेक्टिंग रॉड नसलेलं बुटकं इंजिन तिथं चपखल बसलं. १८४४ साली ब्रिटिश आरमारानं ब्लॅक ईगल या बोटीत पेनचं इंजिन बसवलं. तेवढ्याच वजनात आणि तेवढ्याच जागेत दुप्पट ताकद मिळाली. पेननं १८४१ साली बनवलेलं एक इंजिन जर्मनीत ड्रेस्डेनच्या डीस्बार या बोटीला लाभलं. बोट १८८४ची, इंजिन तिच्याहून त्रेचाळीस वर्षांनी थोरलं.

या जातीतलं एक अवाढव्य इंजिन मुंबईच्या समुद्रात येऊन गेलं आहे, हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नाही. ब्रुनेलची ग्रेट ईस्टर्न १८७० साली मुंबई ते एडन तारेची केबल टाकायला आली होती. उन्हाचा ताप कमी व्हावा म्हणून तिला पांढरा रंग दिला होता. तिची बाजूची चाकं फिरवायला जॉन स्कॉट रसेलनं केलेली चार डुलती सिलिंडरं होती. प्रत्येकाचा बोअर ७४ इंच, स्ट्रोक १४ फूट. चौदा इंच नाही, चौदा फूट. एवढं लोखंड दर फेरीला डावीकडून उजवीकडे डोलत असणार. मुंबईकरांना ती बाहेरून पर्वताएवढी दिसली असेल, पण माझं मन तिच्या इंजिनघरात उतरतं.

तिथं माझ्या पोर्ट ब्लॉकसारखा चेहरा नसतो. एवढ्या मोठ्या दोन पाट्या वाफ धरून एकमेकांवर घासणं शक्यच नाही. पेननं आणि त्याच्या काळच्या इतरांनी सिलिंडरच्या दोन्ही बाजूंना पोकळ ट्रनियन केले. सिलिंडर त्यांच्यावर डोलतं, एका ट्रनियनमधून वाफ येते, दुसऱ्यातून कंडेन्सरकडे जाते. ट्रनियन आणि नळ यांच्यामधे पॅकिंग भरलेले ग्लँड. व्हॉल्व्ह मात्र पुन्हा स्लाइड व्हॉल्व्ह, सिलिंडरच्याच अंगावर बसवलेला आणि शाफ्टवरच्या एक्सेंट्रिकनं चालवलेला. अडचण अशी की एक्सेंट्रिक बोटीच्या सांगाड्याशी स्थिर आणि व्हॉल्व्ह डुलत्या अंगावर. नुसता दांडा जोडला तर सिलिंडरच्या झुकण्यानंच व्हॉल्व्ह सरकेल आणि सगळं टायमिंग विस्कटेल. त्यांनी मधे एक चाप घातला. एक्सेंट्रिक त्या चापाला वरखाली सरकवतं आणि व्हॉल्व्हच्या दांड्याचा ठोकळा चापाच्या खाचेत फिरतो. चापाची गोलाई काढलेली असते ट्रनियनच्या मध्यावरून. त्यामुळे सिलिंडर कितीही डोललं तरी ठोकळा खाचेतून नुसता घरंगळतो, व्हॉल्व्हपर्यंत ती हालचाल पोचतच नाही.

मला या दोन इंजिनांकडे एकत्र बघायला आवडतं ते याच कारणानं. छोट्यात सिलिंडरचं डोलणं हेच सगळं काही, त्याच्यावाचून वाफ हलत नाही. मोठ्यात तेच डोलणं व्हॉल्व्हला कळू नये म्हणून एवढी कारागिरी. पुढं वाफेचे दाब वाढले, ट्रनियनचे ग्लँड गळायला लागले, चाकांच्या जागी भरभर फिरणारा पंखा आला आणि एवढं वजन त्या वेगानं डोलवणं परवडेना. बोटीतून ही जात हळूहळू गेली.

हल्ली मी पेनच्या धर्तीचं दोन सिलिंडरचं मॉडेल करतो आहे, दोन्ही बाजूंनी वाफ घेणारं. दोन क्रँक ९० अंशांवर ठेवल्या की ते कुठल्याही जागेवरून स्वतः सुरू होतं, फ्लायव्हीलला हात लावावा लागत नाही. चापाचा तुकडा कानशीनं कोरत बसू नये, असं मी त्या मुलाला सांगितलं आहे. फेसप्लेटवर पूर्ण कडं वळवून, खाच पाडून घ्यायची आणि मग हवा तेवढा भाग कापायचा. गोलाई आपोआप खरी येते. तपासायचं असेल तर पिस्टनचा दांडा क्रँकपासून सोडवायचा, एक्सेंट्रिक मधल्या जागी थांबवायचं, व्हॉल्व्हच्या दांड्याला सिलिंडरवरूनच डायल लावायचा आणि सिलिंडर हातानं डोलवायचं. काटा जागचा हलता कामा नये. एक्सेंट्रिक टोकाला नेलं की मात्र तो किंचित हलतो, कारण तेव्हा चाप सरकलेला असतो आणि त्याचा मध्य ट्रनियनवर राहिलेला नसतो. तेवढी हालचाल पेनच्या इंजिनातही होती, ती घासून काढायला जाऊ नये.